पडीक माळ आणि मोकळा बैल

माळावर शर्यत धरायची तर आधी माळ झाडावा लागतो. मैदानाच्या आधीच्या दिवसांत जेसीबी आणि ट्रॅक्टर येतात. कुसळं, बाभळीची रोपं आणि दगडगोटे निघतात. जमीन फार टणक असेल तर वरचा थर ढिला करून पाणी मारतात, नाहीतर बैलाचे खूर दुखावतात. मग फक्की टाकून शेजारी शेजारी वाटा आखल्या जातात. या वाटांना तास म्हणतात. एका तासाला एक गाडी, एका गाडीला दोन बैल, गाडीवर एक माणूस. गाडी म्हणजे ओझं वाहायची बैलगाडी नव्हे. छकडा म्हणजे दोन चाकं, एक दांडी, जू आणि पाय टेकायला जेमतेम फळी, एवढाच ऐवज. त्यावर उभा राहणाऱ्याला सातारा-सांगलीकडे गाडीवान कुणी म्हणत नाही. तो ‘ड्रायव्हर’.

सकाळी चिठ्ठ्या निघतात. कोण कुठल्या गटात आणि कुठल्या तासावर, हे नशिबाने ठरतं. गटात पहिली आलेली गाडी सेमीत आणि सेमीत पहिली आलेली फायनलात, असा साधा हिशेब. मोठ्या मैदानात गट इतके असतात की फायनल सुटेपर्यंत सूर्य माळाच्या कडेला टेकतो आणि झेंडा पंचाला निशाण नीट दिसेल का, याचीच काळजी लागते. प्रत्यक्ष पळणं मात्र काही श्वासांचं. दिवसभर धूळ खाल्लेला माणूस ज्यासाठी आला, ते डोळ्यांसमोरून कधी गेलं हेही पुष्कळदा त्याला कळत नाही. समालोचक सांगतो तेव्हा तो टोपी उडवतो.

खरा जाणकार निकालाच्या रेषेवर थांबत नाही. तो सुटीकडे, म्हणजे गाड्या सुटतात त्या टोकाला जातो. तिथे बैल धरायला, दाबायला, वळवायला माणसं असतात आणि निशाण पडलं की त्यांनी एकाच क्षणी हात काढायचा असतो. एका बाजूचा हात अर्धा श्वास उशिरा निघाला तर जू तिरपं होतं, छकडा शेजारच्या तासात घुसतो आणि लाखमोलाची जोडी गटातच बाद होते. चांगले सुटी करणारे म्हणूनच नावाने ओळखले जातात आणि त्यांना मैदानोमैदानी बोलावणं असतं. मोटारींच्या शर्यतीत चाक बदलणाऱ्यांची जी इभ्रत, ती इथे यांची.

मोटारींची आठवण उगाच काढलेली नाही. माणसाला शर्यत लावायची हौस असतेच, अडचण नेहमी जागेची असते. सपाट, मोकळी आणि कुणाच्या पोटावर पाय न देणारी जागा हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातल्या मोटारवेड्यांना अशी जागा अचानक मिळाली. बॉम्बफेकी विमानांच्या प्रशिक्षणासाठी 1943 मध्ये सुरू झालेला सिल्व्हरस्टोनचा विमानतळ युद्ध संपल्यावर ओस पडला होता. 1947 मध्ये काही मित्रांनी तिथे आपापल्या गाड्या घातल्या आणि परवानगी वगैरे काही न घेता शर्यत लावली. धावपट्टीवर चरणारी मेंढी एका गाडीखाली आली, गाडीही गेली आणि त्या शर्यतीला कायमचं ‘मटण ग्रांप्री’ हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1948 ला, तिथे ब्रिटिश ग्रांप्री रीतसर भरली. वळणं आखायला गवताच्या पेंढ्या आणि तेलाची पिंपं मांडली होती. गुडवूडचा ट्रॅक लढाऊ विमानांच्या तळाभोवतीच्या रस्त्यावर झाला. अमेरिकेत सेब्रिंगला बॉम्बफेकी विमानांच्या तळावर. अशाच डांबरी मोकळ्या जागांवर शंकू मांडून, रोज कामावर न्यायची गाडी रविवारी घड्याळाविरुद्ध पळवायचा ऑटोक्रॉस हौशी लोकांत रुजला. शनिवारी टायर बदलायचे, रविवारी पळायचं आणि सोमवारी त्याच गाडीतून कचेरी गाठायची.

भारतात या गोष्टीचं नाव शोलावरम. मद्रासच्या उत्तरेला युद्धकाळात बांधलेली धावपट्टी, तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने वर्षानुवर्षे भरवलेल्या शर्यती, आणि त्यांत घरच्या अंगणात कापून-जोडून हलक्या केलेल्या फियाट, हेराल्ड आणि अँबॅसडर. 1990 च्या सुमारास इरुंगाट्टुकोट्टईला खास शर्यतीसाठीच ट्रॅक झाला आणि शोलावरम मागे पडलं.

आमच्याकडे युद्धाने असं काही मागे ठेवलं नाही. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पासाठी 1955 मध्ये झाली. सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी विमानांची वाट बघत पडून आहे आणि तिचं पुढे काय करायचं याच्या बातम्या दर निवडणुकीला छापून येतात. पण मोकळी जागा सरकारने बांधून द्यावी लागते असं थोडंच आहे. खटाव, माण, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात निसर्गानेच ती देऊन ठेवली होती. सह्याद्रीने अडवलेला पाऊस इथवर पोचेपर्यंत संपलेला असतो. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली खडक. पेरलं तर बियाणंही परत येईल की नाही, सांगता येत नाही. धनगराच्या मेंढ्या आणि जत्रा, एवढाच त्या माळाचा उपयोग.

शर्यतीला जागा लागते, तसं पळणारंही लागतं. तेही याच पट्ट्याने दिलं. खिलार हा माणदेशाचा बैल. पांढरा किंवा करडा, अंगाने सडसडीत, लांब तोंडाचा, मागे वळून वर निमुळत्या होत गेलेल्या शिंगांचा. थोडक्या कडब्यावर आणि कडक उन्हात दिवस काढणारा, चालीला तेज आणि स्वभावाने बुजरा. हा बुजरेपणाच शर्यतीत उपयोगाला येतो. आटपाडी महाल आणि म्हसवड या नावांनी त्याचे वाण ओळखले जातात. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषातल्या यात्रेत आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या मार्गशीर्षातल्या यात्रेत या जनावरांचे बाजार भरतात. पुसेगावचा रथ भाविकांनी वाहिलेल्या नोटांनी मढलेला असतो आणि रथापासून हाकेच्या अंतरावर दात बघून बैलांचे सौदे चाललेले असतात. संस्थानी काळात आटपाडी औंधकडे होती. तिथेच स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली आणि तिच्यावरून गदिमांनी ‘दो आंखें बारह हाथ’ची कथा रचली. त्या चित्रपटात बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्याला इजा झाली होती. या मुलखात बैलाशी संबंध आला की तो फार सौम्य राहत नाही, एवढं त्यावरून समजावं.

औंधकरांच्याच मुलखात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते, असं म्हणत शेतकऱ्यांनी सुरुवातीला त्याच्याकडे पाठ फिरवली. पुढे मात्र तोच नांगर घरोघरी गेला आणि खिलार जोड्यांना भरपूर काम मिळालं. मग त्याच किर्लोस्करवाडीतून पंप निघाले. पंपाने विहिरीवरची मोट बंद केली. नंतर ट्रॅक्टर आला आणि नांगरट गेली. टेम्पो आला आणि बाजाराची गाडी गेली. उसाच्या फडात कारखान्याच्या गाडीला बैल उरले, पण ते ओढायचे, पळायचे नव्हेत. ज्या जनावराने पिढ्यान् पिढ्या घर ओढलं, त्याला तीस-चाळीस वर्षांत दावणीला उभं राहण्यापलीकडे काम राहिलं नाही.

सिल्व्हरस्टोनला विमानं गेली आणि धावपट्टी उरली. इथे मोट-नांगर गेले आणि बैल उरला. दोन्हीकडे उरलेल्या गोष्टीला हौशी लोकांनी शर्यतीला लावलं. माझ्या मते खिलार आज जो काही शिल्लक आहे तो मुख्यतः शर्यतीमुळे, आणि हे म्हणताना शर्यतीत बैलाचे हाल झाले नाहीत असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्या लहानपणी शर्यत जत्रेतली होती. पालखी, तमाशा, कुस्त्या आणि शर्यती असा क्रम ठरलेला. जोडी घरचीच. आठवडाभर कुळव ओढलेली, अंगावर जुवाचे घट्टे पडलेली. पळायच्या आदल्या दिवशी तिला ओढ्यावर धुवायचं, शिंगं तासून रंगवायची, उडदाचं पीठ आणि अंडी चारायची आणि घरातल्या बायकांनी ओवाळायचं. बक्षीस म्हणून फेटा, नारळ, तांब्याची घागर, फार तर रोख काहीशे रुपये. गाडीमालक बक्षिसापेक्षा जास्त पैसे गुलालावर उधळायचा. हरला तर रात्री तमाशाच्या तंबूत न जाता सरळ घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच जोडी पुन्हा कुळवाला. गावातला कुणी चार दिवस त्याला नीट बोलू द्यायचा नाही, इतकंच नुकसान. ती रविवारी पळून सोमवारी कचेरीला जाणारी मोटार आणि ही जोडी यांत फारसा फरक नव्हता.

महाराष्ट्रात शर्यतीचे प्रकार पुष्कळ आणि प्रत्येक प्रांताला आपलाच खरा वाटतो. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे घाट असतो. चढावर चार बैल, पुढे घोडी आणि घड्याळात सेकंद. एका वेळी एकच गाडा, स्पर्धा वेळेशी. ऑटोक्रॉसवाल्याला तो प्रकार लगेच कळेल. विदर्भात शंकरपट, अलिबागला समुद्राची ओली वाळू. मिरज-जत ते कर्नाटकाच्या सीमेपर्यंत लांब पल्ल्याच्या शर्यती, कधी बैल, कधी घोडे, कधी एका जुवाला दोन्ही, आणि मागे धुरळा उडवत मोटारसायकलींचा घोळका. सातारा आणि सांगलीचा माळ मात्र तासांचा. बैल दातांवरून गटांत पडतात. आदत म्हणजे दूधदात न पडलेलं खोंड. मग दुसा, चौसा आणि पुढे ओपन. आदत गटाला गर्दी कमी नसते, कारण उद्याचं नाव तिथेच दिसतं. खोंड कुठल्या खांद्याने पळतो, आतून की बाहेरून, हे तिथे ठरतं. दोन्ही खांद्यांनी पळणाऱ्याला मागेल ती किंमत.

या पळण्यात काय काय व्हायचं तेही सांगायला हवं. पराणीचे खिळे, विजेची बॅटरी, शेपटीला चावणं, शर्यतीआधी दारू पाजणं. पाहिलं नाही असं म्हणणारा गाडीशौकीन एकतर फार नवा असेल किंवा खोटं बोलत असेल. 11 जुलै 2011 ला केंद्र सरकारने खेळात प्रदर्शन करता येणार नाही अशा प्राण्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकडांसोबत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. बैलाची शरीररचना पळण्यासाठी नाही आणि प्राण्यालाही सन्मानाने जगायचा हक्क आहे, असा त्या निकालाचा रोख होता. गावात तो कुणी वाचला नाही. गावाने एवढंच ऐकलं की दिल्लीने शर्यत बंद केली.

मग चोरट्या शर्यती सुरू झाल्या. रात्री व्हॉट्सॲपवर निरोप आणि पहाटे तांबडं फुटायच्या आत माळ. टेकडीवर पोरं पहारा द्यायची आणि पोलिसांची गाडी दिसली की मोबाइल वाजवायची. तास आखायला वेळ नसायचा. समालोचक नाही, हलगी नाही, गुलाल नाही. गुन्हे दाखल व्हायचे आणि तारखांना गाडीमालक तालुक्याच्या कोर्टात एकमेकांना भेटायचे. तिथेच पुढचं मैदान ठरायचं, असा विनोद तेव्हा प्रचलित होता. 2017 मध्ये तमिळनाडूच्या पाठोपाठ महाराष्ट्राने कायदा बदलला, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. ऑगस्ट 2021 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकरांनी शर्यत जाहीर केली. प्रशासनाने आसपासच्या गावांत संचारबंदी लावून माळ अडवला आणि शर्यत जाहीर ठिकाण सोडून पहाटे वाक्षेवाडीच्या पठारावर झाली. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं सांगितलं. या पट्ट्यातलं राजकारण तेव्हापासून बैलाच्या वाटेने चालू लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

बंदीच्या वर्षांत खरं नुकसान बाजारात दिसायचं. पळणारा खोंड म्हणून ज्याची किंमत व्हायची, तोच आता मातीमोल. शेतीला नको, शर्यतीला चालत नाही, मग गाय गाभण राहिली आणि खोंड झालं तर घरात तोंडं उतरायची. कितीतरी जणांनी खिलार गाई काढून जर्सी बांधल्या. दुधाचा पगार नियमाने हातात येतो, त्यांना दोष कोण देणार?

16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मोकळीक दिली. जानेवारी 2022 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या नांगोळ्यात परवानगी घेऊन मैदान झालं, तेव्हा लोक जत्रेला जावं तसे नटून गेले होते. 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्यांच्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केलं. आता अंतर 1000 मीटरच्या आत, जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र, काठी, चाबूक, बॅटरी बंद आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अनामत. मोडलं तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. मोठ्या मैदानांत हे नियम बऱ्यापैकी पाळले जातात, कारण वर ड्रोन असतो आणि सगळं थेट प्रक्षेपित होत असतं. हजारो लोक मोबाइलवर बघत असताना शेपटीला दात लावायची हिंमत होत नाही. कायद्यापेक्षा कॅमेऱ्याने बैलाला जास्त वाचवलं, असं माझं निरीक्षण आहे. आडमाळावरच्या लहान मैदानांबद्दल मी अशी खात्री देणार नाही.

बंदी उठली, खेळ मात्र पूर्वीचा राहिला नाही. पुसेगाव आणि पेडगावच्या मैदानांना हिंदकेसरीचा मान होताच. आता त्यात पैशाचा लोंढा आला. कुस्तीतले डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी 2023 मध्ये विट्याजवळच्या भाळवणीत पहिल्या क्रमांकाला थार ठेवली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये बोरगावला फॉर्च्युनर. बोरगावला ती जिंकणाऱ्या बैलांची नावं हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल. सर्जा-राजा, सोन्या, लक्ष्या ही नावं अजून आहेत, पण पोस्टरवर बकासूर, मथुर आणि ब्रेक फेल शोभतात. या बैलांनी नांगर बघितलेला नसतो. त्यांना वेगळा गोठा, पंखा, डॉक्टर, पोहायला तळं आणि मैदानाला न्यायला गादी घातलेला पिकअप असतो. मोटारींच्या शर्यतीतही पुढे हेच झालं. स्वतः चालवत आणायच्या गाड्या ट्रेलरवर लादून येऊ लागल्या आणि हौशी माणूस दोरीपलीकडे प्रेक्षक झाला.

दोरीपलीकडचं मैदान हाही प्रश्नच आहे. मोठ्या फायनलला लोक दोरी ढकलत तासावर येतात. बुजलेली जोडी घसरून गर्दीत घुसली तर छकड्याची दांडी काय करते, ते पाहिलेला माणूस पुन्हा पुढे उभा राहत नाही. संयोजक समालोचकाच्या तोंडून घसा फोडून ‘मागे सरा’ सांगतात. निम्मे लोक मोबाइल उंच धरून पुढेच सरकतात.

आणखी एक गोष्ट हळूहळू बदलते आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माळच कमी होतो आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उपसून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडे आणलं गेलं. ताकारी आणि म्हैसाळ योजनांनी इतर भाग भिजवला. खटाव-माणला उरमोडीचं पाणी दिसू लागलं. जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे डाळिंब, द्राक्ष आणि ऊस उभा आहे. याबद्दल तक्रार करण्याइतका मी शर्यतवेडा नाही. दुष्काळात टँकरच्या मागे धावलेल्यांना माळ वाचवा असं सांगणारा शहाणा नव्हे. पण मैदान भरवायला आता एका गटात सलग जागा मिळत नाही. दहा-वीस खातेदारांची संमती घ्यावी लागते, त्यातला एक बांधावरून भांडलेला असतो, दुसऱ्याने कालच सरी सोडलेली असते. मैदानाच्या पोस्टरवर संयोजकांइतक्याच मोठ्या अक्षरांत ‘जागा सौजन्य’ छापलेलं दिसतं, ते यामुळे.

तरी मैदानं होतात, कारण पायरा जमवायचा असतो. एका मालकाकडे अव्वल बैल असला तरी दुसरा तेवढाच अव्वल क्वचित असतो. मग साताऱ्याचा बैल डाव्या खांद्याला, सांगलीचा उजव्याला, कधी एक मुळशीचा आणि एक कल्याणचा, अशी दोन घरांची जोडी जुंपतात. या पायऱ्यासाठी रात्र रात्र फोन चालतात. कुणाचा बैल कुणाबरोबर दाबतो, कुणाबरोबर लोटतो, मागच्या फायनलला कोण कुणाला सोडून तिसऱ्याकडे गेला, याची चर्चा लग्नाच्या बोलणीसारखीच चालते आणि तितकीच ताणली जाते. बक्षीस रोख होतं तोवर वाटणी सोपी होती. मोटारसायकल मिळाली तर एकाने ठेवून दुसऱ्याला पैसे द्यायचे. पण दोन गावांच्या दोन मालकांना मिळून एकच चारचाकी मिळाली की ती कुणाच्या दारात उभी करायची, यावर मैदान उठल्यानंतरही तिथेच, गुलालाच्या ढिगाशेजारी, बैठक बसते. ड्रायव्हर आणि सुटी करणारेही आपला वाटा सांगायला मागे उभे असतात. बैल तोवर पिकअपमध्ये चढवलेले असतात आणि पुढच्या मैदानासाठी त्यातल्या एकाला वेगळ्याच जोडीदाराचा फोन येऊन गेलेला असतो.